दोन टोकांच्या गाड्यांची तुलना कशी करावी : स्विफ्ट आणि थार यांच्या आकड्यांवरून

मारुती सुझुकी स्विफ्ट आणि तीन दारांची महिंद्रा थार या दोन गाड्यांच्या माहितीपत्रकांत एक आकडा तंतोतंत सारखा सापडतो. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, म्हणजे व्हीलबेस, दोन्हींचा २४५० मिलिमीटर आहे. लांबीतही फार फरक नाही; स्विफ्ट ३८६० मिमी आणि थार ३९८५ मिमी. मागच्या चाकांना दोन्हींत ड्रम ब्रेकच आहेत. तरीही एक शहरातल्या गर्दीतून चपळाईने निघणारी हलकी हॅचबॅक आहे आणि दुसरी शिडीसारख्या लोखंडी चासीवर उभी असलेली, चिखलात आणि दगडगोट्यांत उतरण्यासाठी बनवलेली जीपवजा गाडी आहे. पहिली गाडी घेणाऱ्या अनेकांच्या मनात आज नेमक्या याच दोघी असतात, कारण एक परवडते आणि दुसरी आवडते.

अशा वेळी लोक दोन माहितीपत्रके शेजारी ठेवतात आणि ज्या रकान्यात मोठा आकडा तिकडे एक गुण, असा हिशेब मांडतात. हा हिशेब एकाच वर्गातल्या दोन गाड्यांपुरता कसाबसा चालतो. दोन टोकांच्या गाड्यांना तो लावला की उत्तर हमखास फसवे येते. प्रत्येक आकडा कशाच्या प्रमाणात पाहायचा आणि तो कोणत्या परिस्थितीत मोजलेला आहे, हे आधी ठरवले पाहिजे. पुढील पायऱ्या त्यासाठी आहेत. उदाहरण स्विफ्ट आणि थारचे असले तरी रीत कोणत्याही दोन गाड्यांना लागू पडते.

पायरी १ : गाडीचे नाव नव्हे, व्हेरिएंट ठरवा

‘थार’ हे एका गाडीचे नाव नाही. तीन दारांच्या थारमध्ये २.२ लिटर डिझेल, २ लिटर टर्बो पेट्रोल आणि १.५ लिटर डिझेल अशी तीन इंजिने मिळतात, आणि १.५ लिटर डिझेलला फक्त मागच्या चाकांना जोर मिळतो. त्यात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देण्याची सोय, नाही. ‘थार रॉक्स’ तर पाच दारांची वेगळीच गाडी आहे. तिचा व्हीलबेस २८५० मिमी आहे, त्यामुळे तिचे आकडे या तुलनेत मिसळू नयेत. स्विफ्टचेही तसेच आहे. मे २०२४ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या स्विफ्टमध्ये तीन सिलिंडरचे १.२ लिटर इंजिन आहे. आधीच्या पिढीत चार सिलिंडरचे होते. इंटरनेटवर सापडणारी निम्मी माहिती जुन्या इंजिनाची असते आणि ती नव्याच्या नावावर खपते.

या लेखापुरते आपण पेट्रोल, मॅन्युअल गिअरची नवी स्विफ्ट आणि २.२ लिटर डिझेल, फोर बाय फोर, मॅन्युअल थार असे धरू.

पायरी २ : वापर कागदावर मांडा

महिन्याचे किलोमीटर किती, त्यातले शहरातले किती, गाडीत एरवी किती माणसे बसतात, वर्षातून किती वेळा घाटातून किंवा कच्च्या रस्त्याने जावे लागते आणि रात्री गाडी कुठे उभी राहणार, एवढी पाच उत्तरे लिहून काढावीत. ती प्रामाणिक असावीत. ‘कधीतरी लडाखला जाऊ’ हा वापर नव्हे.

पायरी ३ : एकके एकसारखी करा

एका माहितीपत्रकात ताकद पीएसमध्ये, दुसऱ्यात बीएचपीमध्ये आणि तिसऱ्यात किलोवॉटमध्ये दिलेली असते. स्विफ्टचे इंजिन ६० किलोवॉटचे आहे. तेच पीएसमध्ये सुमारे ८१.६ होते आणि बीएचपीमध्ये सुमारे ८०.५. इंजिन एकच, आकडे तीन. थारचे ९७ किलोवॉटचे डिझेल इंजिन कोणी १३० म्हणते, कोणी १३२. दोघेही बरोबर असतात, कारण पहिला बीएचपीत बोलत असतो आणि दुसरा पीएसमध्ये. सोपा उपाय असा की सगळे किलोवॉटमध्ये आणावे. पीएसला ०.७३५५ ने आणि बीएचपीला ०.७४५७ ने गुणले की किलोवॉट मिळतात.

टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, न्यूटन मीटरमध्ये घ्यावा, वजन किलोत, मापे मिलिमीटरमध्ये. सीएनजीच्या स्विफ्टचे ३२.८५ हे मायलेज किलोमागे आहे, लिटरमागे नव्हे. ते पेट्रोलच्या २४.८० शेजारी ठेवून ‘आठ किलोमीटर जास्त’ असे म्हणणे अर्थहीन आहे.

पायरी ४ : ताकद आणि टॉर्क वेगवेगळे वाचू नका

नवख्या ग्राहकाची सर्वांत जास्त फसगत येथे होते, म्हणून या पायरीवर थोडे थांबू.

स्विफ्टचा कमाल टॉर्क १११.७ न्यूटन मीटर आहे आणि तो ४३०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ४३०० फेरे घेत असताना, मिळतो. थारचा ३०० न्यूटन मीटर आहे आणि तो १६०० ते २८०० आरपीएमच्या पट्ट्यात मिळतो. शोरूममध्ये हे ऐकले की थारचे ओढण्याचे बळ स्विफ्टच्या पावणेतीनपट आहे असे वाटते. पण हा टॉर्क इंजिनाच्या दांड्यावरचा असतो. चाकापर्यंत पोहोचेपर्यंत तो गिअरबॉक्समधून आणि डिफरन्शियलमधून, म्हणजे दोन चाकांत जोर वाटून देणाऱ्या गिअरमधून, जातो व तेथे गुणला जातो. डिझेल इंजिन कमी आरपीएमवर चालते, म्हणून त्याचे गिअर ‘लांब’ ठेवावे लागतात आणि ते टॉर्कला कमी पटींनी गुणतात. पेट्रोल इंजिन वर फिरते, म्हणून त्याचे गिअर ‘आखूड’ असतात आणि ते जास्त पटींनी गुणतात. थारच्या इंजिनाची कमाल ताकद ३७५० आरपीएमला मिळते आणि स्विफ्टच्या इंजिनाची ५७०० ला. शिवाय चाकांचा फरक आहे: थारच्या वरच्या मॉडेलचे २५५/६५ आर१८ टायर सुमारे ७८९ मिमी व्यासाचे भरतात, स्विफ्टचे १८५/६५ आर१५ सुमारे ६२२ मिमी. चाक जितके मोठे, तितका तोच टॉर्क रस्त्यावर कमी जोर देतो. एवढे सगळे वजा केले की पावणेतीनपट हा फरक बराच खाली येतो आणि दोन्ही इंजिनांच्या कमाल ताकदीतल्या फरकाजवळ, म्हणजे सुमारे १.६ पटीजवळ जातो.

मग टॉर्कच्या आकड्याचा उपयोग काय? ताकद कोणत्या आरपीएमला मिळते, हे तो सांगतो. त्यासाठी एकच सूत्र लक्षात ठेवावे: न्यूटन मीटरला आरपीएमने गुणावे आणि ७०२४ ने भागावे, की त्या क्षणाची ताकद पीएसमध्ये मिळते. स्विफ्टचे १११.७ गुणिले ४३०० भागिले ७०२४, म्हणजे ६८.४ पीएस. थारचे ३०० गुणिले १६०० भागिले ७०२४, म्हणजे ६८.३ पीएस. दोन्ही उत्तरे जवळजवळ एकच आली. जी ताकद काढायला स्विफ्टचे इंजिन ४३०० आरपीएमपर्यंत न्यावे लागते, ती थार १६०० आरपीएमलाच देते, म्हणजे अनेकजण बाजारातल्या रस्त्यावर ज्या आरपीएमला गाडी चालवतात तिथेच.

याचा रस्त्यावरचा अर्थ नीट समजून घ्यावा. वरंध किंवा आंबेनळी घाटात तीव्र वळणावर वेग पडतो आणि वळण संपताच चढ असतो. स्विफ्टमध्ये तिथे एक गिअर खाली टाकून इंजिन वर फिरवावे लागते. तसे केले नाही तर गाडी उचलत नाही आणि मागे रांग लागते. थारमध्ये त्याच गिअरमध्ये पाय दाबला तरी ती निघते. दोन्ही गाड्या घाट चढतात. एकीत चालकाला गिअर वेळेवर बदलण्याची सवय असावी लागते आणि दुसरीत ती नसली तरी भागते. ज्याला गिअरशी खेळायला आवडते त्याला स्विफ्टच अधिक रमवते, हे माझे वैयक्तिक मत येथे नोंदवून ठेवतो.

पायरी ५ : प्रत्येक आकड्याला वजनाने भागा

स्विफ्टचे रिकामे वजन सुमारे ९२० किलो आहे. फोर बाय फोर डिझेल थारचे पावणेदोन टनांच्या आसपास, म्हणजे जवळपास दुप्पट. आता ताकदीला वजनाने भागू. स्विफ्ट: ६० किलोवॉट भागिले ०.९२ टन, म्हणजे टनामागे सुमारे ६५ किलोवॉट. थार: ९७ भागिले १.७५, म्हणजे टनामागे सुमारे ५५. मोठ्या इंजिनाची थार वजनाच्या हिशेबात मागे पडली.

पण हा हिशेब रिकाम्या गाडीचा झाला. चार माणसे आणि त्यांचे सामान मिळून ३५० किलो धरले, तर स्विफ्टचे एकूण वजन १२७० किलो होते आणि थारचे २१०० किलो. पुन्हा भागाकार केला की स्विफ्ट टनामागे सुमारे ४७ किलोवॉटवर येते आणि थार ४६ वर. रिकाम्या गाडीत दहा किलोवॉटचा असलेला फरक भरल्या गाडीत जवळजवळ नाहीसा झाला, कारण तेवढ्याच ओझ्याने स्विफ्टचे वजन ३८ टक्क्यांनी वाढते आणि थारचे २० टक्क्यांनी. हलकी गाडी एकट्या चालकाला जितकी चपळ वाटते, तितकी ती दिवाळीत घरची मंडळी आणि फराळाचे डबे भरून कोकणात निघाली की वाटत नाही, याचे कारण हेच. म्हणून दुसऱ्या पायरीत ‘गाडीत एरवी किती माणसे’ हा प्रश्न विचारला होता. एरवी एकटेच असाल तर पहिला भागाकार तुमचा. कुटुंब नेहमी सोबत असेल तर दुसरा.

वजनाचा दुसरा परिणाम ब्रेकवर आणि वळणांवर होतो. जड आणि उंच गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला कलते. थारची उंची १८५० मिमीच्या आसपास आहे आणि स्विफ्टची १५२० मिमी. हा सव्वातीनशे मिमीचा फरक द्रुतगती मार्गावर मार्गिका बदलताना अंगाला जाणवतो. हवेचा विरोधही वाढतो. रुंदी गुणिले उंची एवढाच ढोबळ हिशेब केला तरी समोरून वाऱ्याला सामोरे जाणारे थारचे क्षेत्र स्विफ्टपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी मोठे भरते, आणि तिची उभी काच व चौकोनी नाक वाऱ्याला वाट देत नाही, ते वेगळेच. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. त्यामुळे ताशी ५० किमीला नगण्य असलेला हा फरक १०० च्या वेगाला इंधनाच्या काट्यावर दिसतो.

० ते १०० किमीच्या वेळेबद्दल थोडक्यात सांगतो. हा आकडा वाहनविषयक नियतकालिके उपग्रहाधारित यंत्र लावून मोजतात. एकाच नियतकालिकाने दोन्ही गाड्यांवर मोजलेला असेल तरच तो तुलनेला घ्यावा. त्याहून उपयोगी आकडा असतो चालत्या गाडीचा वेग वाढवण्याचा, उदाहरणार्थ तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ८० किंवा चौथ्यात ४० ते १००. ट्रकला ओलांडताना लागते ती हीच क्षमता; सिग्नलवरून शर्यत लावायला कोणी गाडी घेत नाही, निदान घेऊ नये.

पायरी ६ : मायलेज रुपयांत बदला

आपल्याकडे ज्याला सरसकट ‘एआरएआय मायलेज’ म्हणतात, ते पुण्यातल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या नावावरून. चाचणी मात्र मानेसरच्या आयकॅटसारख्या इतर मान्यताप्राप्त संस्थाही करतात. गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर न चालवता रोलरवर ठेवली जाते आणि ११८० सेकंदांच्या ठरावीक वेगपत्रकानुसार फिरवली जाते. त्यात कमाल वेग ताशी ९० किमी असतो. त्यात ना कात्रजची कोंडी असते, ना मे महिन्यातला एसी, ना रस्त्यातले खड्डे. स्विफ्टचा २४.८० किमी हा आकडा अशा परिस्थितीतला आहे. तो खोटा नाही, पण तुमचाही नाही.

दोन टोकांच्या गाड्यांत आणखी एक अडचण येते. एक पेट्रोल, दुसरी डिझेल. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्के अधिक ऊर्जा असते आणि दोघांचे दर वेगळे असतात, म्हणून किमी प्रति लिटर हा मापदंड सोडून द्यावा आणि वर्षाचा खर्च काढावा. समजा, वर्षाला १२,००० किमी चालवायचे आहेत, स्विफ्ट तुमच्या रस्त्यावर १८ देते आणि थार १२. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरू. स्विफ्टला ६६७ लिटर लागतील, म्हणजे सुमारे ६९,३०० रुपये. थारला १००० लिटर, म्हणजे ९१,००० रुपये. फरक वर्षाला २२,००० च्या आत-बाहेर, महिन्याला अठराशे रुपये. येथे धरलेली १८ आणि १२ ही गृहीतके आहेत. खरे आकडे त्या गाड्यांच्या मालकांकडून घ्यावेत आणि विचारताना ‘किती देते?’ असे न विचारता ‘टाकी फुल्ल करून, पुन्हा फुल्ल होईपर्यंतचे किलोमीटर भागिले लिटर असे काढले आहे का, आणि ते शहरातले की हायवेचे?’ असे विचारावे. डॅशबोर्डवरचा आकडा अनेकदा आशावादी असतो.

डिझेलबाबत एक व्यावहारिक इशारा अवश्य द्यायला हवा. बीएस-६ या प्रदूषण-निकषाच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग काही वेळ चालावी लागते. ज्याचे रोजचे जाणे-येणे घरापासून तीन किलोमीटरवरच्या कचेरीपुरते आहे, त्याच्या डॅशबोर्डवर त्या गाळणीचा दिवा वारंवार लागण्याची शक्यता असते. अशा माणसाने डिझेलचा मोह टाळावा आणि थारच हवी असेल तर पेट्रोल इंजिनाचा विचार करावा.

पायरी ७ : मापे कशी घेतली ते विचारा

ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचे पोट यांतले अंतर, स्विफ्टचा १६३ मिमी आहे आणि थारचा २२६ मिमी. हा आकडा रिकाम्या गाडीचा आहे की भरलेल्या, हे विचारल्याशिवाय दोन कंपन्यांचे आकडे एकत्र मांडू नयेत. गाडी भरली की हॅचबॅकचे पोट खाली बसते आणि गतिरोधकाला घासते. थारच्या मागच्या दोन चाकांना जोडणारा सलग, अखंड दांडा आहे. ओझे वाढले की बॉडी खाली येते, पण दांड्यावरचा डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून तितकाच वर राहतो, कारण तो चाकांनाच जोडलेला असतो. खडकाळ वाटेवर याचा फायदा होतो. सपाट पण खराब रस्त्यावर हाच जड दांडा वरखाली आदळतो आणि मागे बसणाऱ्याला हादरे देतो.

जिथे उंची पुरत नाही तिथे कोन लागतात, म्हणजे नाक, पोट किंवा शेपूट न घासता गाडी किती तीव्र चढ-उतार पार करते त्याची मापे. थारचा पुढचा चढाचा कोन ४१.८ अंश, मधला २७ अंश आणि मागचा ३६.८ अंश आहे, आणि ती ६५० मिमी पाण्यातून जाऊ शकते असे कंपनी सांगते. स्विफ्टच्या माहितीपत्रकात असे रकानेच नसतात. रकाना नाही म्हणून स्विफ्टला शून्य गुण देणे चूक आहे. ज्या कामासाठी ती गाडी बनवलेली नाही, ते काम तुम्हाला करायचे आहे का, एवढाच प्रश्न उरतो. फोर बाय फोरसोबत थारमध्ये लो रेंजचा वेगळा गिअर मिळतो, जो चाकावरचा जोर सुमारे अडीचपट वाढवतो आणि वेग त्याच प्रमाणात कमी करतो. शेतातल्या चिखलवाटेने किंवा सह्याद्रीतल्या एखाद्या वाडीपर्यंतच्या कच्च्या चढाने नेमाने जाणाऱ्याला त्याचे मोल आहे. ६५० मिमीचा आकडा शांत, उथळ ओढ्यासाठी असतो. पुलावरून वाहणाऱ्या पुराच्या पाण्याला तो लागू होत नाही. वाळूत फिरवण्याची हौस असणाऱ्यांनी गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेणे बेकायदा आहे हेही ध्यानात ठेवावे.

आता आतल्या जागेकडे येऊ. व्हीलबेस सारखा असूनही स्विफ्टमध्ये पाच जण बसतात, थारमध्ये चार. स्विफ्टचे इंजिन आडवे बसवलेले आहे, थारचे उभे. त्यामुळे थारमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स लांबीतला मोठा वाटा खातात. स्विफ्टची डिकी २६५ लिटरची आहे. थारच्या मागच्या सीटमागे दोन मध्यम बॅगा बसतात की नाही हे घरच्या बॅगा नेऊनच पाहावे. त्याहून महत्त्वाची गोष्ट दाराची आहे. थारच्या मागच्या सीटवर जाण्यासाठी पुढची सीट पुढे लोटावी लागते, एक पाय उंच पायरीवर ठेवून डोके वाकवून आत सरकावे लागते आणि बसल्यावर अर्धे वळून पाय आत घ्यावा लागतो. साडी नेसलेल्या आजीला किंवा गुडघ्याचे दुखणे असलेल्या वडिलांना हे जमते का, याचे उत्तर कुठल्याही माहितीपत्रकात नाही. त्यांना शोरूमला सोबत न्यावे आणि दोनदा चढ-उतार करायला लावावी.

पायरी ८ : सुरक्षेचे स्टार तारखेसह वाचा

थारला २०२० साली गाड्या आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत प्रौढांसाठी आणि मुलांसाठी प्रत्येकी चार स्टार मिळाले. जुलै २०२२ पासून त्याच संस्थेने बाजूची धडक, गाडी घसरू न देणारी ईएससी यंत्रणा आणि पादचाऱ्यांची सुरक्षा यांचे निकष जोडून चाचणी कठोर केली, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची भारत एनकॅप सुरू झाली. म्हणून २०२० चे चार आणि नंतरचे चार हे एकाच मापाचे नाहीत. स्टार कोणी दिले, कोणत्या वर्षी दिले आणि कोणत्या व्हेरिएंटला दिले, हे तीन प्रश्न विचारावेत.

वजनाचा मुद्दा येथेही येतो. समोरून होणाऱ्या चाचणीत गाडी ताशी ६४ किमी वेगाने एका चेपणाऱ्या अडथळ्यावर आदळवली जाते. ती ढोबळमानाने आपल्याच वजनाच्या गाडीशी झालेली टक्कर समजली जाते. त्यामुळे ९२० किलोच्या गाडीचे स्टार आणि पावणेदोन टनांच्या गाडीचे स्टार परस्परांशी टक्कर झाल्यास काय होईल हे सांगत नाहीत. एअरबॅग किती आणि ईएससी आहे का, हे मात्र व्हेरिएंटनुसार थेट तपासता येते.

पायरी ९ : टेस्ट ड्राइव्ह एकाच रस्त्यावर घ्या

दोन्ही गाड्या शक्यतो एकाच दिवशी, एकाच वेळी असणाऱ्या गर्दीत आणि एकाच वाटेने चालवाव्यात. शोरूमची ठरलेली फेरी बहुधा गुळगुळीत रस्त्याची असते. आपण गतिरोधक, उड्डाणपुलाचा चढ, एक खराब पट्टा आणि आपल्या सोसायटीचे फाटक यांचा आग्रह धरावा. पहिल्या गाडीत जितकी माणसे होती तितकीच दुसरीत असावीत. चढावर गाडी थांबवून हँडब्रेकवरून उचलून पाहावी, दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २० किमीच्या वेगावरून पाय दाबून पाहावे आणि ८० च्या वेगाला गाणी बंद करून आवाज ऐकावा. अर्ध्या तासाच्या रहदारीत क्लचचा पाय किती दुखतो, हे पाच मिनिटांच्या फेरीत कळत नाही, तेव्हा थोडा जास्त वेळ मागून घ्यावा. विकणाऱ्याने पेट्रोल थार चालवायला देऊन डिझेलचे बुकिंग घेण्याचा प्रयत्न केला तर नम्रपणे नकार द्यावा.

फाटकाची आणि पार्किंगची रुंदी टेपने मोजून ठेवावी. माहितीपत्रकातली रुंदी, स्विफ्टची १७३५ मिमी आणि थारची १८२० मिमी, साधारणपणे बाजूचे आरसे न धरता दिलेली असते. थारची स्टेपनी मागच्या दाराला असते आणि ते दार कडेला उघडते; गाडी भिंतीला टेकवून लावली तर ते दार उघडणार नाही.

पायरी १० : किमतीतल्या ओळी सुट्या करून वाचा

एक्स-शोरूम किमतीतच कराचा मोठा भाग दडलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा जास्त लांब नसलेल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. या मर्यादेबाहेरच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. ११९७ सीसीची स्विफ्ट १८ टक्क्यांत बसते. १४९७ सीसीची मागच्या चाकांची डिझेल थारही १८ टक्क्यांत बसते. २१८४ सीसीची फोर बाय फोर मात्र लांबी चार मीटरच्या आत असूनही ४० टक्क्यांत जाते. दोन थारमधल्या किमतीच्या दरीचे एक मोठे कारण येथे आहे.

त्यानंतर महाराष्ट्रात आरटीओचा एकरकमी कर येतो. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ टक्के. डिझेलला हेच दर १३ आणि १४ टक्के आहेत. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीला ८८,००० रुपये आणि सोळा लाखांच्या डिझेल गाडीला २,२४,००० रुपये, असा हा फरक पडतो. नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा असतो. २०२२ च्या अधिसूचित दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तो १०,६४० रुपये आणि १५०० सीसीवरच्या गाडीला २४,५९६ रुपये होता, करांव्यतिरिक्त. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र बाहेरून घेता येतो, त्यामुळे शोरूमचा दर मान्य करण्याआधी दोन-तीन ठिकाणी विचारावे.

कोटेशन लेखी घ्यावे, त्यावर व्हेरिएंटचे पूर्ण नाव, रंग आणि तारीख असावी. ‘हँडलिंग चार्जेस’, ‘लॉजिस्टिक्स’ किंवा ‘एसेन्शियल किट’ अशा नावाने आलेल्या प्रत्येक ओळीचे कारण विचारावे आणि ती ओळ काढून नवीन कोटेशन मागावे. दोन्ही गाड्यांची अशी कोटेशने हातात आली की त्यात पाच वर्षांचे इंधन, टायरचा एक संच आणि विम्याचे नूतनीकरण मिळवावे. टायरची किंमत विचारताना १५ इंची आणि १८ इंची अशी वेगवेगळी विचारावी. आलेल्या दोन बेरजा दुसऱ्या पायरीतल्या कागदाखाली लिहाव्यात आणि बुकिंगची रक्कम त्यानंतरच भरावी. ती भरतानाही बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्यावे.